पाचव्या पावलावरचं सरी

अण्णा, तुझी गाडी रविवारी सुरू झाली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं भांडण तू स्वस्थपणे ऐकशील.

तू गेलास त्याला सव्वा महिना होत आला. तुझं गाव, शिक्षण, मागे कोण कोण आहे, ते सगळं जावयाने वर्तमानपत्रात दिलं, फोटोसकट. फोटोत तुझ्या अंगात इस्त्रीचा शर्ट आहे, म्हणून बंगळुरात, बसवनगुडीतल्या तुझ्या गल्लीत निम्म्या लोकांनी तुला ओळखलंच नाही. कोपऱ्यावरचा फुलवाला मला विचारत होता, हे कोण वारले. मी म्हटलं, तुझ्या स्कूटरचा हॉर्न फुकटात दुरुस्त करून देणारा वारला. तेव्हा तो हातातली माळ ठेवून खाली बसला.

माणूस गेला की लोक त्याच्यावरचा राग सोडून देतात. मला ते जमत नाही. निपाणीहून एका पिशवीनिशी आले आणि आज आनेकलच्या तीन कारखान्यांत माझ्या स्वयंपाकघरातलं जेवण जातं, ते काही राग सोडून देऊन नाही. तुझ्यावरचा माझा राग अकरा वर्षांचा आहे. तो तुझ्याबरोबर गेला असं समजू नकोस.

अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एकच व्हॅन होती, डब्यांची, तीही जुनी घेतलेली. दोन महिन्यांत तिचा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि रोज पहाटे गाडी ढकलायची पाळी आली. तुझं दुकान गाड्यांच्या वायरिंगचं, आणि तू आमच्याच बाजूचा, म्हणून कोणीतरी मला तुझ्याकडे पाठवलं. तू बॉनेट उघडून पाहिलंस आणि म्हणालास, "डायनामो गेला." जग त्याला अल्टरनेटर म्हणतं. इंजिनाबरोबर फिरतो आणि बॅटरी भरतो. तू शेवटपर्यंत डायनामोच म्हणालास. नवा घ्यायची माझी ऐपत नव्हती. तू म्हणालास, जुना बघू, गुजरीत मिळेल. भंगाराच्या बाजाराला इथे गुजरी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

ऑटोत बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं. डोळे तुझे, तोंड माझं. माल चांगला असेल तर तू कान खाजवायचा, वाईट असेल तर पाणी मागायचं. एक अक्षर बोलायचं नाही. तू शहाण्या मुलासारखी मान हलवलीस.

बाशाभाईच्या दुकानात डायनामो नारळासारखे रचून ठेवलेले होते. तू त्यांतला एक काढलास, मांडीवर घेतलास आणि फिरवत बसलास. मी भावाला लागले. बाशाभाईने सांगितलेला आकडा मी हसून ऐकला. मग गंज दाखवला, तुटलेलं वायरीचं टोक दाखवलं, शेजारच्या दुकानाकडे दोनदा नजर टाकली. भाव बराच उतरला. आता शेवटचं अस्त्र राहिलं होतं, पाठ फिरवून चालायला लागणं. यात माझा अभ्यास पक्का आहे. दुकानदार सातव्या पावलाला हाक मारतो. चौथ्यालाच मारली तर माल खराब समजावा. दहाव्यापर्यंत गप्प राहिला तर भाव खरा. मी मोजत चालले होते. तीन, चार, पाच. आणि मागून तुझा आवाज आला, अगदी खुशीतला.

"सरी."

मी वळले तोवर बाशाभाई डायनामो वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

कानडीत सरी म्हणजे बरोबर. आणि सरी म्हणजे कबूल, ठरलं. दोन्हीला तोच शब्द. तीस वर्षं बंगळुरात राहून तुझ्या मराठीत मिठापेक्षा सरी जास्त झालं होतं. परत येताना मी सिग्नलपर्यंत बोलले नाही, मग बोलायला लागले ते तुझ्या दुकानापर्यंत थांबले नाही. तू डायनामो पोटाशी धरून ऐकत होतास.

"मी डायनामो सरी आहे म्हटलं," तू म्हणालास. "भाव सरी आहे असं कुठं म्हटलं?"

"कान खाजवायचं ठरलं होतं."

"हात काळे झालते गं. कानाला कसे लावू?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते मी कुठे कुठे नेलं नाही. तुझ्या मुलीच्या लग्नात नेलं, माझ्या नव्या स्वयंपाकघराच्या पूजेला नेलं. चार माणसं जमली की मी सांगायचे, या माणसाने एका शब्दात माझी दोन पावलं खाल्ली. तुला म्हणायचे, सरी म्हणालास, सॉरी कधी म्हणाला नाहीस. तू हसायचास आणि प्रत्येक वेळी तेच विचारायचास, "डायनामो सरी होता का नाही, तेवढं सांग." त्याचं उत्तर मी कधी दिलं नाही. मी भावाचं बोलायचे, तू डायनामोचं. अकरा वर्षं आपण दोघे एकाच गोष्टीवर दोन वेगळी भांडणं करत होतो.

मधल्या वर्षांत तू मला जे दिलंस ते मी विसरलेली नाही. माझं पहिलं कोटेशन मी तुझ्या दुकानात, तुझ्या स्टुलावर बसून लिहिलं, आणि तू पंखा माझ्याकडे वळवून स्वतः घामात काम केलंस. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या डायनामोला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, म्हणजे आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकू येतं, हे तू शिकवलंस. माझ्या ड्रायव्हरांना अजून वाटतं की मला गाड्यांतलं फार कळतं. मला तेवढंच कळतं, पण ते मी त्यांना सांगत नाही.

आणि मग तुझा तो शेवटचा फोन. तुझ्या स्वतःच्या गाडीचा लाल दिवा लागला होता. शहरभरच्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याच्या गाडीत डायनामो मेलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तू म्हणालास, "शोभा, गुजरीत जायचं आहे. चल की. मी तोंड उघडणार नाही."

मी सांबाराच्या पातेल्यापुढे उभी होते, दोन बायका आल्या नव्हत्या, डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "आधी सॉरी म्हण. मग येते."

तू हसलास. "बघू," म्हणालास.

नवव्या दिवशी तू गेलास. त्या "बघू"चं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडी तशीच दारात उभी राहिली. तुझ्या तेराव्यानंतर तुझा जावई निखिल माझ्याशी नीट बसून बोलला. मुलगा चांगला आहे, अण्णा, फक्त त्याच्या मराठीत दर तिसऱ्या शब्दाला कॉम्प्युटर चालू असतो. म्हणाला, "काकू, प्रॅक्टिकली बघा ना. मॉडेल डिस्कंटिन्यूड आहे, नवीन पार्ट मिळत नाही. आईंनी आमच्याकडे बेळ्ळंदूरला यावं. सोमवारी स्क्रॅपवाला येतोय, तो टो करून नेईल."

वहिनींनी आतून सगळं ऐकलं. मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "शोभा, मला ती गाडी चालवायची आहे."

तू दर रविवारी त्यांना शाळेच्या मैदानावर शिकवत होतास, हे मला माहीतच नव्हतं. लायसन्स त्यांनी देवघरात ठेवलंय. "गाडी गेली की मला बेळ्ळंदूरला नेतील," त्या म्हणाल्या. "चौदावा मजला. तिथून खाली उतरायला मला कारण काय राहणार?"

मी परत आत गेले आणि निखिलला विचारलं, रविवार संध्याकाळपर्यंत गाडी स्वतःच्या पायांनी चालली तर? तो म्हणाला, "तर राहू दे की. आईंना इथे राहायचं असेल तर मला काय प्रॉब्लेम? पण ढकलून सुरू होणारी गाडी त्यांच्या हातात कशी देऊ?" त्याचं चुकत नव्हतं. म्हणून मला जास्त राग आला.

गुरुवारी मी एकटी गुजरीत गेले. बाशाभाईच्या दुकानाकडे अकरा वर्षांत फिरकले नव्हते, तेव्हाही फिरकले नाही. दुसरीकडे गेले. तू नेहमी सांगायचास, जुना सोबत घेऊन जावा, जुना खोटं बोलत नाही. मी नेला नाही. फोनमध्ये फोटो काढला, गाडीचं नाव कागदावर लिहिलं, झालं. का नेला नाही ते तुला सांगायला नको. मेलेला डायनामो हातात घेऊन दुकानात शिरणं म्हणजे कपाळावर गरज लिहून शिरणं. मग भाव कसला पडतो? माझ्या धंद्यात गरज दाखवणारा पहिल्याच वाक्यात हरतो. यावर आपलं वेगळं भांडण होतं, तेही अर्धंच राहिलं.

त्या दिवशी मी जे केलं ते तू बघायला हवं होतंस. दुकानदाराने मला सातव्या पावलाला हाक मारली, मी थांबले नाही, नवव्याला त्याने पुन्हा मारली. सांगितलेल्याच्या निम्म्यात डायनामो घेऊन मी बाहेर पडले. ऑटोत तो मांडीवर ठेवला आणि मनात तुला म्हटलं, बघ, तोंड बंद ठेवलं की असं होतं.

शुक्रवारी माझ्या व्हॅनींचा फिटर शिवप्पा याने तुझा जुना डायनामो खोलला आणि दोन्ही शेजारी ठेवले. बोल्टांची भोकं जुळत होती. पट्ट्याची चाकी जुळत होती. शिवप्पाने दोन्ही उलटे केले आणि माझा आणलेला बोटाने बाजूला सारला. "अक्का, इदु पेट्रोल गाडीदु." हा पेट्रोल गाडीचा, म्हणे.

तुझी गाडी डिझेलची. तिच्या डायनामोच्या पाठीवर एक छोटा पंप असतो, तो हवा ओढतो आणि त्याच्या जोरावर ब्रेक हलका लागतो. मी आणला त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं. बसवला तर बसेल, शिवप्पा म्हणाला, दिवाही विझेल. पण ब्रेक दगड होईल, दोन्ही पायांनी उभं राहावं लागेल. आणि गाडी कोण चालवणार? मैदानावर आठ रविवार शिकलेल्या वहिनी.

निम्म्या भावात मी अर्धा डायनामो आणला होता.

तुझं ते वाक्य मला तिथे आठवलं, बसणं वेगळं आणि जमणं वेगळं. तू ते डायनामोबद्दल म्हणायचास आणि लग्नांबद्दलही, आणि मी दर वेळी सांगायचे की फार शहाणपणा नको. शिवप्पासमोर मी तो डायनामो पिशवीत घातला आणि त्याच्यावरच ओरडले. बिचारा पाना पुसत राहिला. त्याला सवय आहे.

शनिवारी सकाळी तुझा जुना डायनामो भाजीच्या पिशवीत घालून मी बाशाभाईकडे गेले. पिशवीचे बंद हातात रुतत होते. तो म्हातारा झालाय, दाढी मेंदीने लाल केलेली. मला ओळखलं की नाही कळलं नाही. मी पिशवी त्याच्या पुढ्यात उपडी केली. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानदाराला माझी गरज अशी उघडी दाखवली, अण्णा, आणि मला भर बाजारात डोक्यावरचा पदर पडल्यासारखं झालं.

तो डायनामोकडे बघत राहिला. मग बोल्टावरच्या पिवळ्या ठिपक्यावर त्याने बोट ठेवलं. तू कसलेल्या प्रत्येक बोल्टावर रंगाचा ठिपका द्यायचास, तोच. "ये तो परशुअण्णा का काम है," तो म्हणाला. "अण्णा कैसे हैं?"

मी सांगितलं.

त्याने पंखा बंद केला. का ते माहीत नाही, आवाज होत होता म्हणून असेल. म्हणाला, वीस वर्षं यायचे. माल त्यांच्यासारखा कोणी ओळखला नाही. मग हसला. "लेकिन सौदा नै आता था उनको, अक्का. चीज अच्छी दिखी की बस, सरी बोल देते थे. हर बार."

हर बार. म्हणजे फक्त माझ्याच वेळी नाही. स्वतःसाठी घ्यायला जायचास तेव्हाही तू स्वतःचा भाव असाच घालवत होतास, वीस वर्षं, आणि मला वाटत होतं ते माझ्या वाट्याला आलेलं खास नुकसान आहे. खरं सांगते, मला तेव्हा तुझ्यापेक्षा बाशाभाईचाच राग आला. मी म्हटलं, त्याला काय येत होतं आणि काय नव्हतं ते मला माहीत आहे, तुम्ही माल दाखवा. तुझ्याशी भांडायचा मक्ता माझा आहे. तो मी गुजरीतल्या माणसाला देणार नाही.

तीन निघाले. पहिल्याची चाकी हलवली तर दांडा लडबडत होता. मी म्हटलं, पाणी आहे का. बाशाभाईने खरंच पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्याचा प्लग वेगळा. तिसरा मी तुझ्या जुन्याशेजारी ठेवला, बोल्टाच्या कानाला कान, भोकाला भोक, चाकीच्या खाचा मोजल्या, प्लगच्या पिना मोजल्या. पाठीवर पंप होता. भाव बाशाभाईने सांगून ठेवला होता आणि तो जास्त होता. माझं पुढचं सगळं तयार होतं. गंज कुठे दाखवायचा, शेजारच्या दुकानाकडे कधी बघायचं. दारापर्यंत नऊ पावलं होती, ती मी आत येतानाच मोजली होती.

फक्त पंप बघायचा राहिला होता. तू बघायचास तसं मी पंपाच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि बाशाभाईला चाकी फिरवायला सांगितली. त्याने फिरवली. काही नाही. त्याने तेलाचे दोन थेंब आत सोडले आणि पुन्हा जोरात फिरवली.

माझं बोट आत ओढलं गेलं. थोडंसंच. कोणीतरी बोट धरून 'चल की' म्हणावं तेवढं.

"सरी," मी म्हटलं.

बाशाभाईचा हात वर्तमानपत्राकडे गेला.

त्या क्षणी मला भाव आठवत नव्हता. मला, अण्णा. समोर एक वस्तू होती, ती नेमकी तीच होती, आणि दुसरं काही डोक्यात यायला जागाच नव्हती. तुझं तसंच होत असणार. तुला सौदा कळत नव्हता असं नाही. त्या घटकेला तो तुला दिसतच नव्हता.

आता लगेच खूश होऊ नकोस. त्याने पुडकं बांधल्यावर मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, नवा पट्टा टाका सोबत. तो म्हणाला, सरी हो गया ना अक्का. मी म्हटलं, डायनामोचं सरी झालं, पट्ट्याचं कुठे झालं? पट्टा मी घेऊन आले. तू वीस वर्षांत त्या दुकानातून वायरीचा तुकडासुद्धा फुकट आणला नसशील.

रविवारी दुपारी शिवप्पाने बसवला. गाडी सुरू केली, लाल दिवा लागला आणि विझला. मी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकलं. आत मऊ, एकसारखं चाललं होतं. मग वहिनी चालकाच्या जागेवर बसल्या, तुझी उशी पाठीशी घेऊन. मी शेजारी, निखिल मागे, गुडघे छातीशी घेऊन, फोन हातात. गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटरवाला आडवा आला. वहिनींनी पाय दाबला आणि गाडी अलगद थांबली, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा तशी. वहिनींनी आरशात निखिलकडे पाहिलं. तो फोनवर होता. स्क्रॅपवाल्याला हिंदीत सांगत होता की सोमवारी येऊ नका, गाडी द्यायची नाही.

वहिनींनी मला विचारलं, "सरी आहे का गं सगळं?" त्यांच्या बोलण्यातही तुझी ती सवय उतरली आहे.

त्यांना मी मान हलवून हो म्हटलं. पण खरं विचारणारा तू होतास. अकरा वर्षं तू एकच प्रश्न विचारत राहिलास आणि मी भावाचं बोलत राहिले. त्या दिवशी फोनवरही मी भावाचंच बोलले. येते म्हणायला हवं होतं. सांबार दुसरं कोणी ढवळलं असतं.

ती पहिली व्हॅन अजून रोज आनेकलला जाते. इंजिन दोनदा उघडलं, गिअरबॉक्स बदलला, रंग तर किती वेळा दिला. डायनामो तोच आहे. मध्ये एकदा त्याचे कार्बन, आत घासून झिजतात ते तुकडे, नवे घालावे लागले, तेही तूच घातलेस, आणि माझ्याकडे बघून गालात हसलास.

भाव तुझ्यामुळे गेला, हे मी मरेपर्यंत म्हणेन. दोन पावलं राहिली होती.

पण डायनामो सरी होता, अण्णा. सरी होता.